मायापानचा तट आणि होमुनचे पाणी

मेक्सिकोतील युकातानला जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी चिचेन इत्सा या प्राचीन माया शहराचे अवशेष पाहतो. आम्हीही ते पाहिले, आणि ते भव्य आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तिथल्या गर्दीत आणि वाटेच्या दुतर्फा मांडलेल्या दुकानांच्या गलक्यात त्या दगडांशी आपला काही संबंध जुळतो असे मला वाटले नाही. मला लिहायचे आहे ते मेरिदा शहराहून केलेल्या दुसऱ्या एका दिवसाच्या सहलीबद्दल. सकाळी मायापान या जुन्या माया राजधानीचे अवशेष, दुपारी होमुन गावातील सेनोते, म्हणजे खडकातली पाण्याने भरलेली विवरे, संध्याकाळी परत, एवढाच तिचा कार्यक्रम होता.

मायापान मेरिदाच्या आग्नेयेला साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. वाटेत अकांकेह नावाचे गाव लागते, तिथे गावच्या चौकातच पिरॅमिड आणि चर्च एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. ते मला पाहायचे होते, पण गाडी तिथे थांबली नाही. ती थांबली पुढे एका मोठ्या दुकानापाशी, आणि लाकडी मुखवटे, काळ्या काचदगडाच्या सुऱ्या व चांदीचे दागिने यांच्यामध्ये आम्हाला जवळजवळ तासभर फिरवण्यात आले. सहलीच्या पत्रकात या थांब्याचा उल्लेख नव्हता. प्रवाशाने खरेदी करू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या राजधानीला द्यायचा वेळ परस्पर दुकानाला देऊन टाकणे, हा प्रवाशावर आणि त्या राजधानीवरही अन्याय आहे. त्यामुळे मायापानमध्ये आमच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला.

त्या सव्वा तासात जे पाहिले, ते मात्र चिचेन इत्साच्या सबंध दिवसापेक्षा मला अधिक काही देऊन गेले. आमच्या गाडीखेरीज तिथे दुसरी गाडी नव्हती. इसवी सनाच्या बाराव्या-तेराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर उत्तर युकातानचे सत्ताकेंद्र होते. त्याच्याभोवती सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा दगडी तट होता आणि त्या तटाच्या आत चार हजारांहून अधिक बांधकामे दाटीवाटीने उभी होती. मध्यभागी कुकुलकान या पिसाळ्या सर्पदेवाचे मंदिर आहे. नऊ टप्प्यांचे, चार बाजूंना पायऱ्या असलेले हे मंदिर उघडउघड चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडच्या धर्तीवर बांधले आहे, मात्र उंची पंधरा मीटर, म्हणजे निम्मीच. अनेक जण त्याला हलक्या प्रतीची नक्कल म्हणून नावे ठेवतात. मला तसे वाटले नाही. मावळलेल्या राजधानीचे रूप नव्या राजधानीने मुद्दाम घेतले होते, आणि त्यातून आपण कोणाचे वारस आहोत हे लोकांना सांगितले होते.

मंदिराच्या पायथ्याशी एका भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेली माणसाची आकृती आहे. पाय, फासळ्या, हाताची हाडे स्पष्ट दिसतात, आणि डोके असायला हवे त्या जागी एक चौकोनी कोनाडा आहे. त्या कोनाड्यात खरी कवटी बसवत असावेत, असे अभ्यासक मानतात. मी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा गिलाव्यावर कारागिराचा हात जिथे वळला तिथली किंचित उंचवट्याची कड उन्हात उठून दिसत होती. आमच्या गटातील कोणी तरी विचारले, की हे सगळे माया लोक शेवटी गेले कुठे? आमचा वाटाड्या होमुनचाच रहिवासी होता आणि सकाळपासून चालकाशी माया भाषेतच बोलत होता. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही सकाळपासून ज्यांच्या गाडीत बसला आहात, ते आम्हीच." 2020 च्या जनगणनेत मेक्सिकोमध्ये युकातेक माया बोलणाऱ्यांची संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास भरली. इतकी माणसे जिवंत असताना त्यांना लुप्त झालेली संस्कृती म्हणून दाखवणारी पत्रके कोण लिहितो, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

मायापानचा शेवट पंधराव्या शतकाच्या मध्यास यादवीने झाला. शिऊ घराण्याने सत्ताधारी कोकोम घराण्यातील लोकांची कत्तल केली आणि शहर ओस पडले, एवढे जुन्या वृत्तांतांवरून माहीत होते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाने तिथल्या मानवी अस्थी, त्यांवरील जखमांच्या खुणा आणि गुहांतील चुनखडीच्या थरांत नोंदले गेलेले पर्जन्यमान एकत्र तपासून असे दाखवले, की 1400 ते 1450 या काळात पडलेला दीर्घ दुष्काळ आणि हा हिंसाचार यांचा जवळचा संबंध आहे. हे ऐकून गटातील एकाने शंका काढली, की तटाच्या आतच वीसहून अधिक सेनोते असताना दुष्काळ कसा पडेल? शंका बरोबर होती, पण तिचे उत्तर मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. पिण्यापुरते पाणी विहिरीत असले, म्हणून शेत पिकत नाही. माया लोकांची मिल्पा, म्हणजे रान जाळून मोकळ्या केलेल्या जमिनीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरण्याची शेती, पूर्णपणे पावसावर अवलंबून होती. खोल खडकातले पाणी घागरीने वर आणता येते, त्याने मक्याचे रान भिजवता येत नाही. घागर भरलेली आणि कणगी रिकामी, अशा स्थितीत ते शहर आपापसांत लढले, असे मी त्या तटापाशी उभा राहून समजून घेतले.

हे पाणी खडकात का आहे, हे सांगितल्याशिवाय होमुनबद्दल लिहिता येणार नाही. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदी नाही. सगळा प्रदेश चुनखडीचा, आणि तो घावनासारखा जाळीदार. पडलेला पाऊस थेट खाली उतरतो, खडकाला विरघळवत पोकळ्या तयार करतो, आणि एखाद्या पोकळीचे छत कोसळले की आत भूजलाने भरलेले विवर उघडे पडते. तेच सेनोते. हजारोंच्या संख्येने ती या प्रदेशात आहेत, पण मेरिदाच्या भोवती ती एका विशाल अर्धवर्तुळात ओळीने येतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे दहा किलोमीटर किंवा त्याहून थोडा मोठा अशनी आदळला, त्याने सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे चिकशुलूब विवर तयार झाले, आणि पुढे त्याच्यावर चुनखडीचे थर साचले, तरी खालच्या तुटलेल्या कडेने भूजलाची वाट ठरवून दिली. 1978 मध्ये तेल शोधणाऱ्या भूभौतिकतज्ज्ञांना, अंतोनियो कामार्गो आणि ग्लेन पेनफिल्ड यांना, चुंबकीय नोंदींत ही वर्तुळाकृती प्रथम जाणवली. होमुन त्या सेनोतेंच्या कड्यावर वसले आहे.

माझे आजोळ वाईचे. सह्याद्रीच्या लाव्हा थरांपैकी वरच्या थरांना भूशास्त्रात वाईचेच नाव आहे. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही त्यातली थरांची नावे. दख्खनचे ते लाव्हाप्रवाह आणि युकातानचा आघात भूशास्त्रीय मापाने एकाच काळातले आहेत. त्या आघाताच्या हादऱ्याने दख्खनचे उद्रेक अधिक तीव्र झाले, असे काही शास्त्रज्ञ मांडतात, तर उद्रेकांचे मोठे टप्पे आघाताआधीच सुरू झाले होते, असे दुसरे म्हणतात; वाद मिटलेला नाही. पण लहानपणी ज्या काळ्या कातळावरून कृष्णेत उड्या मारल्या, त्याच्या जन्मकाळाशी जोडलेल्या पाण्यात आपण उतरणार आहोत, या विचाराने मी गाडीत अक्षरशः हरखून गेलो होतो.

होमुनमध्ये पोहोचल्यावर मोठी गाडी चौकात सोडून आम्ही तीन चाकांच्या मोटारटॅक्सींत बसलो आणि हेनेकेनच्या, म्हणजे दोरखंडासाठी लावल्या जाणाऱ्या घायपाताच्या, जुन्या मळ्यांतून एका सेनोतेपाशी आलो. वरून पाहिले, तर झुडपांत एक भोक आणि त्यातून खाली गेलेला लाकडी जिना, याखेरीज काही नाही. उतरण्यापूर्वी अंगाला लावलेले सर्व मलम धुऊन काढण्यासाठी साध्या पाण्याने आंघोळ करणे सक्तीचे होते. काही सहप्रवाशांनी त्यावर कुरकुर केली. वाटाड्याने वाद घातला नाही; तो फक्त न्हाणीच्या दाराशी उभा राहिला आणि प्रत्येक जण आत जाऊन आल्यावरच त्याने जिन्याची वाट मोकळी केली. मला त्याचा तो ठामपणा अतिशय आवडला.

जिना ओला होता आणि हात धरायला जाड दोर होता. खाली डोळे अंधाराला सरावले तेव्हा आधी मुळे दिसली: वरच्या झाडाची मुळे खडकाचे छत फोडून दहा-बारा हात खाली लोंबत पाण्याला टेकली होती, आणि पाण्याला टेकलेल्या टोकांना तांबूस तंतूंचे झुबके फुटले होते. पाणी थंड, पण बोचरे नाही. तळ इतका स्वच्छ दिसत होता, की खोलीचा अंदाजच येईना. पोहण्याचा चष्मा लावून मी पाण्यात तोंड बुडवले, आणि पाण्याखालीही छतापासून लोंबणारे चुनखडीचे झुंबर तसेच खाली उतरत गेलेले पाहिले. असे लोंबखडे फक्त हवेत, थेंबाथेंबाने तयार होतात. पाण्याखाली ते वाढूच शकत नाहीत. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली गेली होती तेव्हा ही गुहा कोरडी होती, आणि नंतर समुद्र चढला, तसे त्याच्यावर तरंगणारे गोडे पाणीही इथवर चढले. एका बोटाएवढ्या लोंबखड्याला मी हात लावणार, तोच वाटाड्याने वरून हाक मारून थांबवले. त्वचेचा तेलकटपणा लागला, तरी त्याची वाढ खुंटते, असे त्याने नंतर समजावले.

पाण्यातून बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो असताना तो आपणहून बोलू लागला. गावाजवळ 49,000 डुकरांचा एक कारखानावजा गोठा उभा राहत होता. माती पातळ, खडक सच्छिद्र. वर जे सांडेल ते गाळले न जाता थेट याच पाण्यात उतरणार आणि पुढे सबंध प्रदेशाच्या भूजलात मिसळणार. 2017 मध्ये गावाने स्वतःच मतदान घेऊन त्याला विरोध नोंदवला. गोठा तरीही सुरू झाला, तेव्हा गावातील मुलांच्या नावाने न्यायालयात दाद मागण्यात आली. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायाधीशांनी काम थांबवले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती कायम ठेवली. "आमच्या प्रत्येक अंगणात डुकरे असतात," तो म्हणाला, "आम्ही डुकरांच्या विरोधात नाही. हे पाणी माझी मुलगी पिते." एवढे बोलून तो नवीन आलेल्या लोकांना न्हाणीकडे वळवायला उठून गेला. सहलीच्या पत्रकात याच जागेचे वर्णन 'नैसर्गिक जलतरण तलाव' असे केले होते, आणि ते मला त्या क्षणी असह्य झाले.

दुसऱ्या सेनोतेत एक गट मोठा ध्वनिवर्धक घेऊन उतरला होता. गुहेत तो आवाज इतका घुमत होता, की छताच्या कपारींतली वटवाघळे भरदिवसा उडू लागली. गावकऱ्यांनी तो बंद करायला लावला, पण तोवर आमची परतीची वेळ झाली होती. जेवण गावातच झाले: भोपळ्याच्या बियांच्या वाटणात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत उकडलेले अंडे, वर टोमॅटोची पातळ चटणी. पापाद्सुलेस म्हणतात त्याला; साधे आणि फार चवदार.

मेरिदाला परतल्यावर मी सहल आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. दुकानाचा तास मायापानला द्यावा, पत्रकातले तलावाचे वर्णन काढून हे गावाचे पिण्याचे पाणी आहे असे स्पष्ट लिहावे, आणि वाटाड्याला अकांकेहच्या चौकात गाडी थांबवण्याची मुभा द्यावी, अशा तीन मागण्या त्यात होत्या. उत्तर आलेले नाही. मराठी वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर मेरिदाहून सार्वजनिक वाहनाने थेट होमुनला जावे, चौकातल्या मोटारटॅक्सीवाल्याशी दिवसभराचे ठरवावे आणि पैसे त्याच्याच हातात द्यावेत.