काँकर्ड: दोन खिडक्यांमधली फळी

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. अमेरिकन साहित्यातला तुझा काळ कोणता, असं कुणी विचारलं की तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं: एकोणिसाव्या शतकातल्या एमर्सन आणि थोरो या विचारवंत-लेखकांचा. गरजा कमी ठेवायच्या, मनाला पटेल तेच करायचं आणि सरकार चुकत असेल तर कर नाकारून तुरुंगात जायचं. आमचे बाबा याच वळणाचे, त्यामुळे ते सगळं घरचंच वाटायचं.

म्हणून बोस्टनला लेकीकडे गेल्यावर पहिल्याच शनिवारी फिचबर्ग लाइनची लोकल पकडून आम्ही त्या दोघांचं गाव, काँकर्ड गाठलं. वॉल्डनचं तळं नितळ आहे, पण काठावर पोहायला आलेल्यांची इतकी गर्दी की १८४५ मध्ये थोरो इथं एकटा राहायला आला, हे मनात उतरेना.

दुपारी ऑर्चर्ड हाऊसला, अल्कॉट कुटुंबाच्या जुन्या घरी गेलो. तिथं लेखिका लुइसा मे अल्कॉटच्या खोलीत, दोन खिडक्यांच्या मधे, भिंतीला एक छोटी अर्धगोल फळी आहे. तिच्या वडिलांनी, ब्रॉन्सन अल्कॉट यांनी, करून दिलेली. हेच तिचं टेबल. ‘लिटल विमेन’ ही तिची कादंबरी १८६८ मध्ये इथंच लिहिली गेली.

ब्रॉन्सन म्हणजे एमर्सन-थोरोच्या मंडळीतले विचारवंत. १८४३ मध्ये बायको आणि चार मुलींना घेऊन ते फ्रूटलँड्स नावाच्या वसाहतीत राहायला गेले. कापूस वापरायचा नाही, कारण तो गुलामांच्या कष्टाचा. जनावरं जुंपायची नाहीत. विचार एकेक खरा होता, पण सात महिन्यांत सगळं मोडलं. संसार ओढला तो बायको-मुलींनी. लुइसानं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, लोकांच्या घरी कामाला राहिली. कुटुंबाचं कर्ज अखेर फिटलं ते तिच्या लिखाणातून.

ती फळी बघताना मला आईचं शिलाई मशीन दिसायला लागलं. साताऱ्याच्या घरात तेही खिडकीशीच होतं. बाबा चळवळीत, आज सत्याग्रह, उद्या शिबिर. लोक अजून त्यांचं नाव आदरानं घेतात आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण माझी फी ब्लाउजांच्या शिलाईतून भरली गेली. रात्री आई काजं करत बसायची आणि मी तिच्याच दिव्याखाली थोरो वाचायचे.

लेकीनं दोनदा विचारलं, "आई, काय झालं गं?" मला बोलता येईना.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५), म्हणजे ‘लिटल विमेन’च्याच सुमारास, अमेरिकन साहित्य वास्तववादाकडे वळलं. पैशाची ओढाताण आणि रोजचं घर गोष्टीत ठळकपणे आलं. हा भाग मी परीक्षेपुरता वाचला होता. आता कुणी विचारलं तर मी तोच काळ सांगेन. थोरोवरचं प्रेम कमी झालेलं नाही, पण माझी मुळं त्या फळीपाशी आहेत.

रात्री आईला फोन केला, साताऱ्यात सकाळ होती. फळीची सगळी हकिगत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उजेड कुठल्या अंगानं येत होता गं?"

"दोन्हीकडून," मी म्हटलं.

"मग बरं," आई म्हणाली.