बूट वाळलेच नव्हते

आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, पाय ठेवण्याआधीच सोबतच्या दादांनी विचारलं, "ताई, हे बूट याआधी कुठे घातले होते?"

"आरेत. रविवारी."

त्यांनी मला दगडावर बसवलं आणि एक बूट उलटा केला. तळव्याच्या खाचांत आरेचा काळा चिखल तसाच होता. बोटाने दाबला तर पाणी सुटलं. पाच दिवस गोरेगावच्या बाल्कनीत ठेवले होते, मग रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने इथवर आणले. जुलैत मुंबईत वाळतं तरी काय?

दादांना धास्ती होती ती कायट्रिडची, बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या बुरशीची. ती पूर्ण वाळली की मरते, अशा चिखलाच्या ओलाव्यात तगून राहते. तिचे बीजाणू पाण्यात शेपटीने पोहत बेडकाच्या कातडीला जाऊन चिकटतात. बेडूक पाणी पितो तो कातडीनेच, अंगातले क्षारही तिच्याच जोरावर सांभाळतो. ते बिघडलं की शेवटी हृदय बंद पडतं. बेडूकमासे मात्र बहुतेक वाचतात, कारण त्यांच्या फक्त तोंडालाच ती धरते. पण तिथे ती टिकून राहते. २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब असा की हिच्यामुळे जगातल्या ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे.

मी इतकी वर्षं हा पावसाळ्यातला रोग समजत होते. पण पाण्याइतकाच तिला गारवा लागतो. १७ ते २५ अंश तिला मानवतात, २८ च्या पुढे वाढ खुंटते. म्हणूनच पूर्व ऑस्ट्रेलियात हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी लागण चढते, उन्हाळ्यात उतरते. मुंबईत भर पावसातही दुपारी पारा तिशीला टेकतो. आंबोलीत त्याच जुलैत धुक्यात स्वेटर लागतो. आरेच्या उकाड्यातला ओला चिखल मी थेट त्या गारव्यात नेऊन ठेवणार होते, तोही आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा टोड जिथे राहतो त्या सड्यावर. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

दादांनी ब्रश दिला, पाण्यापासून लांब बादलीत ब्लीच कालवलं. अर्धा तास मी खाच न् खाच घासली.

आता घाटाचे बूट वेगळे आणि आरेचे वेगळे. रात्री ते वर्तमानपत्रावर, पंख्याखाली. आणि आरेत मी यंदा जानेवारीतही जाणार आहे. तेव्हा बेडूक ओरडत नाहीत म्हणून आम्हा बेडूक बघणाऱ्यांतलं कुणीच फिरकत नाही, आणि पहाटेचा पारा १७ च्या आसपास उतरतो तो नेमका तेव्हाच.