जागच्या जागी एकवीस किलोमीटर

दुपारी अडीचची वेळ. नवरा बँकेत गेला होता आणि मी राम मारुती रोडच्या एका गल्लीत गाडीत बसून होते. पार्किंग मिळालं नव्हतंच. मागून कुणी हॉर्न वाजवला की पुढे सरकायचं, तो गेला की परत मागे यायचं, असं चाललं होतं. अशा वेळी माणूस फोन बघतो. माझ्या फोनला चार टक्के उरले होते, म्हणून गाडीशीच चाळा सुरू केला.

आमच्या विजेच्या गाडीत दोन सीटांच्या मधे चालवायचा मोड निवडायचा एक गोल खटका आहे. काटकसरीचा इको, मधला सिटी, जोरातला स्पोर्ट. मी तो इकोवरून स्पोर्टवर फिरवला. समोरच्या पडद्याची किनार निळ्याची लाल झाली आणि 'अजून इतके किलोमीटर जाल' हा आकडा २१४ वरून १९३ वर आला. गाडी तसूभरही हललेली नव्हती. परत इको केलं, २१४. परत स्पोर्ट, १९३.

एकवीस किलोमीटर! ठाण्याहून वाशीला पोचून वर थोडे उरतील इतके. ते मी बसल्या जागी खर्च केले होते, तेही अजून न चालवता. हा आकडा म्हणजे गाडीचा नुसता अंदाज असतो हे मला माहीत आहे. पण अंदाज कुणाबद्दलचा? माझ्याबद्दलचा. खटका फिरवल्याबरोबर तिने मत बनवून टाकलं की ही बाई आता उधळणार.

तिचं चुकत नाही म्हणा.

आमच्या घरी याबाबतीत सरळ वाटणी आहे. नवरा इकोवाला, मी स्पोर्टवाली. तो माजिवड्याचा पूल उतरतो तेव्हा पाय पूर्ण उचलून घेतो. मग चाकंच मोटर फिरवायला लागतात, वीज उलटी बॅटरीत जाते, आणि हा पडद्यावरचा बाण हिरवा झालेला बघत बसतो. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी सांगतो, "पूल उतरताना एक किलोमीटर वाढवून आणला." वाढवून आणला! जणू कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटे पैसे मागून घेतले. माझ्या बाबांना हा जावई पहिल्यापासून फार आवडतो. त्याची नोकरी, स्वभाव वगैरे सगळं ठीक आहे, पण खरं कारण हे.

कारण बाबांचा सगळा संसार इको मोडवर झाला. नौपाड्यात आम्ही राहायचो तेव्हा घरात फिक्या निळ्या रंगाची चेतक स्कूटर होती. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. तिची एक वही होती. 'तीन पेट्रोल पंप' नावाच्या नाक्यावर पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा, किती लिटर, किती रुपये, असं सगळं त्या वहीत जायचं आणि महिन्याच्या शेवटी अ‍ॅव्हरेज निघायचं. ते खाली आलं की चौकशी बसायची. कार्बोरेटर, टायरमधली हवा, आईचा भाऊ मधे दोन दिवस स्कूटर घेऊन गेला होता तो. बहुधा मामाच सापडायचा.

रविवारी कधीतरी येऊरच्या डोंगरावर जायचो. चढताना स्कूटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असायची आणि एका वळणाशी आईला उतरून चालावं लागायचं. उतरताना मात्र बाबा इंजिन बंद करत. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं, हा त्यांचा रोकडा सवाल होता. मी पुढे उभी असायची, दोन्ही हात हँडलच्या मधल्या भागावर, हनुवटी स्पीडोमीटरच्या काचेला लागेल न लागेल अशी. मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटा भाऊ. इंजिन बंद झालं की आधी कानात एकदम पोकळी व्हायची. मग एकेक आवाज यायला लागायचे. टायर खडीवरून सरसरल्याचा. स्टेपनीचा सैल नट वाजल्याचा. आईच्या बांगड्या. झाडीत सुक्या पानांवरून काहीतरी पळाल्याचा. स्कूटरचा वेग वाढत जायचा आणि आवाज काही वाढायचा नाही. समोरचा काटा तीस, पस्तीस, चाळीस करत चढताना मला दिसायचा, बाबांचा उजवा पाय ब्रेकवर तयार असलेला दिसायचा, आणि पोटात गोळा यायचा. मी ओरडायची, "बाबा, अजून जोरात!" बाबा म्हणायचे, "जोरात जायला पेट्रोल लागतं." पण आम्ही जोरातच चाललेलो असायचो, आणि फुकट.

पायथ्याचं उपवन जवळ आलं की बाबा दुसरा गिअर टाकून क्लच सोडत. एक आचका, धुराचा भपका, फटफट सुरू. संपलं.

हा प्रसंग मी नवऱ्याला सांगितला, माझी स्पोर्टची बाजू मांडायला म्हणून. एवढा वेग आणि आवाज नाही, ही चैन मी पहिल्यांदा तिथे केली, आता इतक्या वर्षांनी परत मिळतेय, तर मला करू दे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे बाबा उतारावर इंजिन बंद करायचे. ते इकोच झालं ना?" एकाच उतारावर दोघांनी हक्क सांगितल्यावर वाद मिटणार कसा? अजून मिटलेला नाही.

खरं सांगायचं तर स्पोर्टमध्ये काही नवीन ताकद अवतरत नाही. निदान बऱ्याच गाड्यांत नाही. मोटर तीच, बॅटरी तीच. फरक आहे तो पायाचं म्हणणं किती मनावर घ्यायचं यात. इकोत अर्धा पेडल दाबला तरी गाडी हात आखडूनच देते. स्पोर्टमध्ये तोच अर्धा पेडल तिला हुकूम वाटतो. आणि विजेच्या मोटरचं असं आहे की तिला जोर धरायला वेळ लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग गिअर, मग परत फेरे. मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण ओढ देते. तीन हात नाक्याला सिग्नल सुटला, आपण पहिल्या रांगेत आहोत आणि पुढे रिकामं आहे, असा योग जुळून आला की पाठ सीटला टेकते आणि मागे डिकीत नारळ गडगडत जाऊन धाडकन दाराला लागतो. झालं. दोन सेकंदांचा खेळ. लगेच पाय काढायचा, कारण पुढे कुठूनतरी आडवी रिक्षा उगवलेली असते.

"कुणाला हरवायचंय?" सासूबाई मागून विचारतात.

कुणालाच नाही. हे त्यांना पटत नाही. नारळ फुटला असेल याची मात्र त्यांना खात्री असते. घरी आल्यावर आधी तो हलवून, कानाशी धरून बघतात.

घोडबंदर रोडला तर खटक्याला हातही लावत नाही. मेट्रोच्या कामाचे पत्रे, सेवा रस्ता कुठे संपतो आणि मुख्य रस्ता कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही, आणि पाऊस झाला की गायमुखपर्यंत खड्ड्यांचंच राज्य. तिथे मोड खड्डे ठरवतात, आपण नाही.

माझ्या भाच्याला, म्हणजे स्कूटरवर आईच्या मांडीवर बसणाऱ्या त्या धाकट्याच्या मुलाला, हे सगळे आकडे पाठ आहेत. भाऊ उलव्याला राहतो. आम्ही गेलो की हा मुलगा आधी गाडीची चार्जिंगची टक्केवारी बघतो, मग आत्याला पाणी. टेस्लाने २०१५ मध्ये 'ल्युडिक्रस' नावाचा मोड काढला हे त्यानेच सांगितलं. महिंद्राच्या बीई सिक्समध्ये रेंज, एव्हरीडे आणि रेस असे मोड आहेत, आणि गाडीचे आवाज ए. आर. रहमाननी केलेत. ह्युंदाईची एक गाडी आहे, आयोनिक फाइव्ह एन. तिला गिअर नाहीत, पण गिअर बदलल्याचा झटका मुद्दाम देते आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढते. हे ऐकून मला बाबांची आठवण झाली. त्यांनी त्या स्पीकरला किती वीज लागते ते विचारलं असतं. आणि हॅरियर ईव्ही! तिच्यातला सगळ्यात वरचा अवतार बूस्ट मोडमध्ये शून्यापासून शंभरवर ६.३ सेकंदांत जातो. "आत्या, सिक्स पॉइंट थ्री!" तो दर भेटीत सांगतो.

मी म्हटलं, अरे, मग पुढे काय? तुझ्या घरापासून सगळ्यात मोकळा रस्ता कुठला, तर अटल सेतू. २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, लांबी २१.८ किलोमीटर, मोटारींना वेगाची मर्यादा शंभर. म्हणजे सहा सेकंद पराक्रम करायचा आणि शिवडी येईपर्यंत तेरा मिनिटं मान खाली घालून शंभरनेच जायचं. त्याला हे पटलं नाही. त्या वयात मलाही पटलं नसतं. एक मात्र आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून विजेच्या मोटारींना तिथे टोल माफ झाला, तेव्हापासून माझा नवरा त्या पुलाची स्तुती करायला लागलाय. स्कूटरला तिथे प्रवेशच नाही. बाबा तो पूल कधी स्वतः चालवत ओलांडणार नव्हतेच.

शंभरवरून आठवलं. जगात मोटारीने ताशी शंभर किलोमीटरचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो पेट्रोलवर नाही, विजेवर. १८९९ चा एप्रिल, पॅरिसजवळचं आशेर, कामी जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस. गाडीचं धड टॉर्पेडोच्या आकाराचं, आणि हा पठ्ठ्या त्यातून छातीपासून वर बाहेर निघून बसलेला. हवा कमी लागावी म्हणून गाडीला तो आकार दिला आणि वर स्वतःच वारा अडवत बसला. १०५ च्या वर गेला. तिथे स्पोर्टचा खटका नव्हता, कारण दुसरं काही नव्हतंच. हा जेनात्झी पुढे १९१३ मध्ये गेला, पण गाडीखाली नाही. मित्रांबरोबर शिकारीला गेला असताना गंमत म्हणून झुडपामागे लपून जनावराचा आवाज काढला आणि मित्राने गोळी घातली, असं सांगतात. ज्या माणसाने आवाज न करता शंभर ओलांडले तो मेला आवाज काढल्यामुळे. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "शून्यापासून शंभर किती सेकंदांत?"

चेतकही आता विजेची झाली आहे. २०२० च्या जानेवारीत परत आली, तेच नाव घेऊन, आणि तिच्यातही इको आणि स्पोर्ट आहेत. मी बाबांना मुद्दाम सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "चेतकला स्पोर्ट कशाला?"

बाबा अजून नौपाड्यातच राहतात. ऐंशी उलटली. स्कूटर विकूनही खूप वर्षं झाली, वही मात्र कपाटात आहे. ऐकू कमी येतं, म्हणून भावाने कानाचं मशीन आणून दिलं, चांगलं महागातलं. ते डबीत असतं. पाहुणे आले की घालतात आणि गेले की काढतात, कारण त्याच्या त्या बारीक बॅटऱ्या संपतात. रोज संध्याकाळी एकटे तलावपाळीला चालत जातात. रस्ता ओलांडायची त्यांची पद्धत अशी की डावा हात आडवा करायचा आणि चालू लागायचं. तिकडे बघायचं नाही. इतकी वर्षं गाड्या थांबत आल्या आहेत.

आमची गाडी कमी वेगात बारीक गुणगुणते, पण संध्याकाळच्या तलावपाळीला, भेळवाले, रिक्षा आणि बसच्या कल्लोळात, ते मला आत बसून ऐकू येत नाही. बाहेर बाबांच्या वयाच्या माणसाला काय येणार? युरोपात २०२१ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीने कमी वेगात आवाज करणं सक्तीचं आहे. माणूस कानाने रस्ता ओलांडतो हे त्यांच्या लक्षात आलं. स्पोर्टमधली गाडी उभ्या जागेवरून कशी सुटते ते मी रोज अनुभवते. नारळालाही कळायच्या आत सुटते. म्हणून गावात, जिथे माणसं पायी आहेत तिथे, मी खटका इकोवर ठेवते. नवऱ्याला वाटतं, मला पटलं. वाटू दे.

परवा बाबांना म्हटलं, "रस्ता ओलांडताना जरा बघत जा हो. हल्ली गाड्या वेगळ्या आल्यात."

म्हणाले, "बघतो की. आवाज आला की बघतो."