डिफरन्शियलच्या ब्रीदरची नळी वर नेण्याचा माझा अनुभव

मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या खोऱ्यात, आमची वडिलोपार्जित भातशेती आहे आणि ठाण्यात कोलशेतला राहत असलो तरी लावणीच्या दिवसांत चार-पाच वेळा तिथे जाणे होतेच. गावातून शेताकडे जाताना एक ओढा आडवा येतो. त्यावरची फरशी जूनच्या अखेरीस पाण्याखाली जाते आणि एरवी घोट्याइतके असणारे पाणी मोठ्या सरीनंतर गुडघ्याच्या वर चढते. पाणी गढूळ होऊन वेगाने वाहू लागले की आम्ही अलीकडेच थांबतो, कारण दुथडी वाहणाऱ्या ओढ्यात गाडी घालणे हा जिवाशी खेळ आहे. परंतु पाणी संथ असेल आणि फरशीच्या दोन्ही कडांचे दगड दिसत असतील तर माझ्या 2014 सालच्या जुन्या महिंद्रा थार जीपने मी ते हळूहळू पार करतो. ही गाडी पाण्यातून सहज जाते, असा माझा अनेक वर्षे समज होता. ती खरोखरच जात होती. आत काय घडत होते ते मात्र मला दिसत नव्हते.

2022 च्या दिवाळीआधी ऑईल बदलण्यासाठी गाडी वागळे इस्टेटमधल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचा, खालचा बोल्ट सैल करताच आधी काही थेंब स्वच्छ पाणी पडले आणि मग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे दाटसर ऑईल वाहू लागले. गॅरेजच्या मामांनी ते दोन बोटांत घेऊन चोळले आणि म्हणाले, ''भाऊ, आत पाणी गेलंय. नुसतं सील बदलून हे थांबेल असं मला वाटत नाही. आधी वरचं ब्रीदर बघू.''

ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर बसवलेली, बोटाच्या पेराएवढी झडप. डिफरन्शियल बंद डब्यासारखे असते. गाडी चालू लागली की क्राउन आणि पिनियन या आतल्या दातेरी चाकांच्या घर्षणाने ऑईल तापते आणि त्यावरची हवा प्रसरण पावते. ती बाहेर जायला वाट नसेल तर आतला दाब ऑईल सीलवर, म्हणजे फिरत्या दांड्यांभोवतीच्या रबरी कड्यांवर येतो आणि सीलमधून ऑईल गळू लागते. म्हणून ही झडप ठेवलेली असते. आमच्या गाडीवरची झडप लाल मातीने इतकी घट्ट भरली होती की तिचे टोपण नखाने हलेना.

पाणी आत कसे गेले, हे मला त्या संध्याकाळी घरी बसून आकडे मांडल्यावर नीट उमगले. ठाण्याहून कल्याणमार्गे दीड-दोन तास गाडी चालवल्यावर डिफरन्शियल हात लावता येणार नाही इतके तापलेले असते. ते 70 अंश धरू आणि पावसाळ्यातल्या ओढ्याचे पाणी 30 अंशांच्या आसपास धरू. तापलेले हाऊसिंग त्या पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते. निरपेक्ष (केल्विन) मापात, म्हणजे अंशांत 273 मिळवून, 343 वरून 303 पर्यंत खाली येणे म्हणजे दाबात जवळजवळ 12 टक्के घट, आणि पाण्याच्या भाषेत सांगायचे तर सुमारे 1.2 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. झडप मोकळी असेल तर ती ओढ झडपेतून पाणी आत घेते आणि झडप माझ्या गाडीप्रमाणे बुजलेली असेल तर सीलच्या ओठांवरून आत घेते, कारण सील मुख्यतः आतले ऑईल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेले असते; बाहेरचे पाणी अडवणे हे त्याचे मूळ काम नव्हे. म्हणजे माझा शत्रू ओढ्याची खोली नव्हती, तर तापलेल्या ॲक्सलसह थेट पाण्यात उतरण्याची माझी सवय होती. आमच्या गाडीच्या 235/70 आर 16 टायरचा व्यास सुमारे 73 सेंटिमीटर भरतो. म्हणजे ॲक्सलचा मध्य जमिनीपासून 36 सेंटिमीटरवर येतो आणि हाऊसिंगच्या माथ्यावरचे ब्रीदर त्याहून थोडेसेच वर असते. गुडघ्याला लागणारे पाणी ते बुडवायला पुरेसे असते.

पाणी शिरलेले ऑईल किती घातक असते, हे मला मामांनी गाडी जॅकवर असतानाच समजावले. क्राउन आणि पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, ते एकमेकांवर घसरतातही. म्हणूनच तिथे जीएल-5 प्रतीचे, प्रचंड दाब सोसणारे ऑईल लागते. पाणी मिसळले की दात्यांमधला ऑईलचा थर तुटतो, आणि गाडी उभी राहिली की ऑईलपेक्षा जड असलेले पाणी तळाशी बसून बेअरिंगांना गंज चढवते. आमचे पिनियन हाताने हलवून पाहिले तेव्हा त्यात सैलपणा नव्हता, यावरून आम्ही थोडक्यात वाचलो असे मामांनी सांगितले. तरीही मागच्या ॲक्सलची सर्व सील त्याच दिवशी बदलली. साधे ऑईल भरून गाडी थोडी चालवली, ते काढून टाकले आणि मग नवे 80डब्ल्यू-90 जाडीचे गिअर ऑईल घातले.

यापुढचे काम मी स्वतः करायचे ठरवले. सोपे दिसणारे हे काम मला दोनदा करावे लागले.

जुनी झडप पान्याने सोडवून मी ती खिशात घालून वागळे इस्टेटमधल्याच एका लेथवाल्या काकांकडे गेलो. झडपेच्या आट्यांचे माप अंदाजाने ठरवू नये, ही या कामातली पहिली काळजी. चुकीचे आटे जबरदस्तीने बसवले तर हाऊसिंगमधले आटे जातात आणि मग दुरुस्ती फार महाग पडते. काकांनी आटे मोजण्याच्या पट्टीने माप घेतले आणि त्याच आट्यांचे, वर नळी ओढून बसवता येईल असे पितळी निपल त्याच दुपारी करून दिले. शेजारच्या न्यूमॅटिक सामानाच्या दुकानातून मी नळी घेतली. ती घेताना आतला व्यास 8 मिलिमीटर आणि ऑईल व डिझेल सहन करणारे रबर, या दोन गोष्टी पाहिल्या. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण ती ऑईलच्या वाफेने कडक होते आणि एखाद्या उन्हाळ्यातच चिरते. नळीच्या वरच्या टोकासाठी हवेच्या यंत्रांवर बसवतात ते सच्छिद्र पितळेचे छोटे सायलेन्सर घेतले. ते हवा येऊ-जाऊ देते, पण धूळ आणि किडे अडवते. सर्व सामान हजार-बाराशे रुपयांत आले.

पहिल्या प्रयत्नात मी निपल बसवून नळी चेसिसच्या कडेने पुढे नेली, जागोजागी केबल टायने बांधली आणि इंजिनच्या खोलीत फायरवॉलच्या (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेला आणून सोडली. दिसायला ते अतिशय नीटनेटके काम होते. पहिल्याच खड्ड्यात मागचे एक चाक हवेत लोंबले, ॲक्सल खाली गेला आणि नळी निपलवरून सुटून आली. हे मला रस्त्यावर कळलेच नाही. घरी आल्यावर खाली वाकून पाहिले तेव्हा नळीचे टोक मोकळे लोंबत होते आणि निपलचे तोंड उघडे होते. म्हणजे मूळ झडप असताना जेवढे संरक्षण होते तेवढेही मी काढून टाकले होते. कामाची घाई ही माझीच चूक होती, आणि मी ती इथे स्पष्ट लिहितो, कारण नळी गाडी उभी असताना जिथे पोहोचते तिथे चाक लोंबताना पोहोचतेच असे नाही, ही गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर मला ती चूक टाळता आली असती.

दुसऱ्या वेळी मी गाडी मामांच्या गॅरेजमध्ये चेसिसला जॅक लावून उचलली, म्हणजे मागचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर पूर्ण खाली लोंबू दिला, आणि त्या स्थितीत नळीची लांबी ठरवली. मागच्या ॲक्सलला जाणारी ब्रेकची लवचिक नळी कंपनीने जिथून नेली आहे, तिथूनच ब्रीदरची नळी नेणे उत्तम, कारण ॲक्सलच्या हालचालीचा विचार त्या जागेपुरता आधीच झालेला असतो. ब्रेकच्या नळीला मात्र ती घट्ट बांधू नये, शेजारून न्यावी. ॲक्सलपासून चेसिसपर्यंत एक मोठा, मोकळा बाक ठेवला आणि पहिली क्लिप चेसिसवर आल्यानंतरच लावली. समोरचे डिफरन्शियल आमच्या थारमध्ये चेसिसलाच पक्के बसवलेले असल्यामुळे तिथे इतका बाक लागला नाही. तिथे काळजी घ्यायची ती एकच, नळी इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या गरम पाइपपासून दूर ठेवायची.

नळी कुठेही खाली उतरून पुन्हा वर चढत नाही, याकडेही या वेळी मी बारकाईने पाहिले. पहिल्या खेपेला मी ती चेसिसच्या एका आडव्या पट्टीखालून काढली होती आणि तिथे तिचा खळगा झाला होता. अशा खळग्यात ऑईलची वाफ थंड होऊन थेंब साचतात आणि काही दिवसांनी ते थेंब नळीला बूच बसवल्यासारखे होतात. ब्रीदर बुजल्यावर जे होते तेच मग लांब नळी लावूनही होते. नळी निपलपासून शेवटच्या टोकापर्यंत सतत चढतीच हवी, म्हणजे साचलेला थेंब परत हाऊसिंगमध्येच उतरेल.

टोक कुठे ठेवायचे, यावर बरीच मते ऐकली. काही जण ते मागच्या दिव्याच्या पोकळीत सोडतात. तसे केल्यास नळी लहान राहते. मी ते फायरवॉलच्या माथ्यावर, एअर फिल्टरला हवा जाणाऱ्या तोंडाच्या किंचित वर ठेवले. त्यामागचा माझा विचार साधा आहे. पाणी ज्या उंचीवर इंजिनमध्ये शिरून सिलिंडरमध्ये अडकू शकते, त्या उंचीच्या वर गाडी न्यायचीच नाही. त्यामुळे ब्रीदर त्या उंचीच्या किंचित वर असला की पुरेसा आहे. दोन्ही डिफरन्शियलच्या नळ्या टी जोडाने एकत्र करण्याचा सल्ला मला मिळाला होता, तो मी घेतला नाही. स्वतंत्र नळ्या ठेवल्या म्हणजे एक बुजली तरी दुसरी चालते आणि एका हाऊसिंगमधले ऑईल दुसऱ्यात जाण्याचा प्रश्न राहत नाही.

निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप दोनच वेढे आणि पहिला आटा सोडून लावली, कारण सुटलेला तुकडा आत जाऊन छिद्र बंद करू शकतो. तपासणीच्या वेळी मात्र मामांनी मला वेळीच अडवले. मी कॉम्प्रेसरची बंदूक नळीच्या टोकाला लावणार होतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचा दाब सहा-आठ बारचा असतो आणि तो आत सोडला तर सील बाहेर फेकले जाऊ शकतात. ''तोंडानं फुंका, तेवढं पुरतं,'' ते म्हणाले. मी नळीत हळू फुंकत राहिलो आणि त्यांनी जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडे आले नाहीत.

या नळ्यांनी सर्व काम होत नाही. झिजलेले सील पाण्यात उभे राहिले तर बाहेरच्या दाबाने थोडे पाणी आत येऊच शकते, आणि चाकांच्या बेअरिंगना ब्रीदरच नसतो. म्हणून मी एक सवयही बदलली. 2023 च्या पावसाळ्यात फरशीवर पाणी असेल तेव्हा मी अलीकडच्या आंब्याखाली गाडी थांबवून वीस-पंचवीस मिनिटे ती निवू देत असे. लावणीला आलेल्या मजुरांना या थांबण्याचे आधी आश्चर्य वाटले, पण कारण सांगितल्यावर तेच मला आठवण करून देऊ लागले.

त्या मोसमात फरशी नऊ वेळा पार झाली. नवरात्र संपल्यावर गाडी एक रात्र उभी ठेवून, म्हणजे पाणी असल्यास ते तळाशी बसेल अशी काळजी घेऊन, सकाळी मामांच्या गॅरेजमध्ये नेली. आधी वरचा भरण्याचा बोल्ट सोडवला, कारण तो अडकलेला निघाला तर खालचे ऑईल सोडून बसणे परवडत नाही, आणि मग खालचा बोल्ट सैल केला. पहिला थेंब पडला तो मधासारखा पिवळसर आणि पारदर्शक होता. समोरचेही तसेच निघाले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये ताकद वाटणारी पेटी) यांचे ब्रीदर अजून खालीच आहेत. त्यांचे आटे मोजायला लेथवाल्या काकांनी पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.