कोडफोर्सेस, सीएसईएस आणि चोपड्याची अभ्यासिका

कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंग, म्हणजे ठरलेल्या वेळात कोड लिहून प्रश्न सोडवण्याच्या स्पर्धा, शिकायचं तर पुण्यात जाऊन क्लास लावावा लागतो, असं आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत धरून चालतात. मी चोपडा तालुक्यातला. इंजिनिअरिंग जळगाव जिल्ह्यातच केलं, आणि जे काही शिकलो ते फुकट मिळणाऱ्या साहित्यावर.

साहित्य भरपूर आहे, आणि नव्या मुलाची अडचण तिथूनच सुरू होते. टेलिग्रामवर पीडीएफ, यूट्यूबवर प्लेलिस्ट, प्रत्येकाची 'एवढे प्रश्न सोडवा' अशी वेगळी यादी. आधी काय करावं आणि कशाला हातच लावू नये, हे कोणी सांगत नाही. मला ते शिरपूरच्या एका सिनिअर दादाने सांगितलं. "याद्या गोळा करत बसू नको भाऊ. सीएसईएस उघड आणि वरून खाली सोडवत ये." साधन निवडताना त्याची कसोटी एकच होती: ते आपल्याला वाचायला जास्त लावतं की सोडवायला? मीही तीच धरून चाललो.

सीएसईएस हा फिनलंडच्या अँटी लाक्सोनेन यांचा प्रश्नसंच. तीनशेहून जास्त प्रश्न, विषयवार लावलेले. कोड पाठवला की लगेच निकाल येतो, आणि कोणत्या इनपुटवर उत्तर चुकलं तेही पाहता येतं. शिकवायला जवळ कोणी नसलेल्या मुलासाठी ही सोय फार मोठी आहे. याच लेखकाचं 'कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामर्स हँडबुक' मोफत आहे. प्रश्नावर अडलो की त्यातलं तेवढंच प्रकरण वाचायचं, असा माझा क्रम होता. अल्गोरिदमचा, म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या पद्धतींचा, पाया नीट घालायचा असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा कोर्स पाहावा. सर घाई करत नाहीत. इंग्रजीची भीती असलेल्या मुलालाही ते कळतात.

प्रश्नातल्या मर्यादा, म्हणजे इनपुट किती मोठं असू शकतं हे, वाचायला मी सीएसईएसवरच शिकलो, आणि माझ्या मते या सगळ्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. समजा एन, म्हणजे इनपुटमधल्या संख्या किती ते, दोन लाखांपर्यंत आहे. लूपमध्ये लूप टाकला तर चार हजार कोटी पायऱ्या होतात. संगणक सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया करतो, म्हणजे हा मार्ग बंद. तेच सॉर्टिंग (क्रम लावणं) किंवा बायनरी सर्चने (दर वेळी निम्मा भाग गाळत शोधणं) जमलं तर काम छत्तीस लाखांच्या आसपास आटोपतं. पद्धत कोणती लागेल याचा अंदाज त्या एका आकड्यातून येतो. म्हणून आमच्या अभ्यासिकेत नव्या मुलाला मी आधी कागद-पेन घ्यायला लावतो. हे सगळं अहिराणीत बोलून झालं की मग लॅपटॉप.

अंकगणिताच्या प्रश्नांसाठी सीपी-अल्गोरिदम्स ही साइट चांगली. तिचा बराच भाग मूळ रशियन लेखांवरून आला आहे. तिथे विस्तारित युक्लिड, म्हणजे मसावि काढता काढता पूर्णांकांतली समीकरणं सोडवणारा अल्गोरिदम, वाचत होतो, तेव्हा गणिताच्या आमच्या जुन्या सरांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं कुट्टक प्रकरण काढून दाखवलं. तसलीच समीकरणं सोडवण्याची ती रीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. हे कळल्यावर तो अल्गोरिदम मला पाठ करावा लागला नाही, एवढा तो जवळचा वाटला.

नुसते प्रश्न सोडवून स्पर्धेचा अंदाज येत नाही, घड्याळ लावून बसावंच लागतं. कोडफोर्सेस या ऑनलाइन स्पर्धांच्या साइटवरच्या फेऱ्या बहुधा आपल्या रात्री 8:05 ला सुरू होतात. शेतातली कामं, जेवण, वीज यांत ती वेळ प्रत्येकाला साधत नाही. त्यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल फेरी: जुनी स्पर्धा आपल्याला हव्या त्या वेळी, तेवढ्याच मिनिटांत. सुरुवातीला मात्र मी जपानच्या अॅटकोडरची बिगिनर स्पर्धा सुचवेन. ती बहुतेक शनिवारी सायंकाळी 5:30 ला असते, 100 मिनिटांची. प्रश्नांची भाषा आटोपशीर आणि पहिले दोन-तीन खरंच सोपे, त्यामुळे मूल टिकतं. कोडशेफ ही स्पर्धांची साइट आपल्याकडचीच, 2009 पासूनची. तिथेही नवशिक्यांसाठी वेगळा गट आहे.

स्पर्धा संपल्यावर न सुटलेला पुढचा एक प्रश्न दुसऱ्या दिवशी सोडवायचाच, हा नियम मी कधी सोडला नाही. उत्तराचं स्पष्टीकरण लगेच उघडायचं नाही. निदान तासभर स्वतः झुंजायचं, मग वाचायचं, आणि वाचलेलं बंद करून कोड स्वतःच्या हाताने लिहायचा. स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणारं रेटिंग हळूहळूच चढतं. कोडफोर्सेसवर नावाला हिरवा रंग यायला 1200 लागतात, आणि तिथवर पोचणाऱ्याला आमच्या अभ्यासिकेत चहा मिळतो.

यंदा आमच्यातले तिघं आयसीपीसी या कॉलेजच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेला उतरणार आहेत. तिथे तिघांत एकच संगणक आणि पाच तास असतात. म्हणून रविवारी ते तिघं एकाच लॅपटॉपवर बसतात. दोघं कागदावर आणि एक कीबोर्डवर. जुने प्रादेशिक प्रश्नसंच कोडफोर्सेसच्या जिम विभागात मिळतात, सराव त्यांवरच चालू आहे.