या गाठीचा अवयव कोणता?

पॅथॉलॉजिस्टला पेशंट सहसा भेटत नाही, भेटतो तो त्याचा तुकडा. कॅन्सर सापडतो लिव्हरमध्ये नाहीतर मानेच्या गाठीत, आणि तो मूळचा कुठला हे आम्ही स्लाइड बघून सांगायचं.

सांगता येतं, कारण पेशी आपलं मूळ सहजासहजी सोडत नाही. आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या पेशीत डीएनए तोच, पण दोन्हीकडे चालू असलेली जनुकं वेगळी. ती चालू करणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, माणसात सुमारे १,६०० प्रकारची. फुप्फुस आणि थायरॉइडमध्ये टीटीएफ-१, आतड्यात सीडीएक्स-२, स्तन आणि मूत्राशयात गाटा-३. कॅन्सर दुसरीकडे पसरला तरी हे फॅक्टर बहुतेक वेळा त्याच्या केंद्रकात राहतात, आणि आयएचसी, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन शोधून रंगवायची चाचणी, केली की केंद्रक तपकिरी होतं.

ती बायोप्सी निफाडकडच्या पन्नाशीच्या माणसाची होती. बिडीचं जुनं व्यसन, छातीच्या मधोमध मोठी गाठ. एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडवर सुट्या सुट्या पेशींचे थर, केंद्रकातला ठिपका (न्यूक्लिओलस) ठसठशीत, काहींचं केंद्रक एका कडेला सरकलेलं. ग्रंथींची रचना नाही, केराटिन नाही, कुठल्याच अवयवाची खूण नाही. मार्कर लावत गेले. टीटीएफ-१ निगेटिव्ह, स्क्वेमस कॅन्सरची खूण असलेला पी-४० निगेटिव्ह. पांढऱ्या पेशींची खूण असलेला एलसीए निगेटिव्ह, म्हणजे लिम्फोमाही नव्हे. मेलानोमात दिसणारा सॉक्स-१० निगेटिव्ह. अस्तराच्या पेशींचं प्रथिन सायटोकेराटिन तेवढं इथे-तिथे, फिकट. टेक्निशियनने कंट्रोल पुन्हा तपासले, ते व्यवस्थित होते.

मग बीआरजी-१ या प्रथिनाच्या चाचणीसाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मुंबईला पाठवला. नाशिकमध्ये बसून अशा वेळी वाट बघणं हाही कामाचाच भाग. स्लाइड परत आली ती आजही डोळ्यांसमोर आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तराची केंद्रकं तपकिरी, मधल्या लिम्फोसाइटही तपकिरी, आणि त्यांना खेटून बसलेली कॅन्सरची प्रत्येक पेशी निळी, म्हणजे तिच्यात बीआरजी-१ नाही. रंग नीट चढला होता, याची साक्ष शेजारच्या निरोगी पेशीच देत होत्या.

एका केंद्रकात सुमारे २ मीटर डीएनए असतो. आठ हिस्टोन प्रथिनांच्या एकेका गठ्ठ्याभोवती त्याच्या १४७ अक्षरजोड्यांचा वेढा. या बांधणीला क्रोमॅटिन म्हणतात. ती घट्ट असेल तिथे बहुतेक फॅक्टरना बसायला जागाच मिळत नाही. एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून हे गठ्ठे सरकवणारी एक यंत्रणा आहे, एसडब्ल्यूआय/एसएनएफ, आणि बीआरजी-१ हे तिचं इंजिन. इथे एसएमएआरसीए-४ हे जनुक बिघडल्यामुळे ते इंजिनच गायब होतं. छातीतल्या अशा गाठींना २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली आहे. बहुतेक पेशंट धूम्रपान करणारे पुरुष.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. घरची द्राक्षबाग. "मॅडम, अण्णांना नेमका कशाचा कॅन्सर आहे? फुप्फुसाचा का?"

"गाठ छातीत आहे, दादा. पण पेशीत फुप्फुसाची ओळख उरलेली नाही. जनुकं आहेत, ती उघडणारं यंत्र गेलंय."

तो क्षणभर थांबला. "म्हणजे घड जिरल्यासारखं? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डोळ्यातला घड जिरतो, त्याची बाळी होते. वेल तोच, डोळाही तोच."

इतकं नेमकं उत्तर मला एमडीच्या तोंडी परीक्षेतही क्वचित ऐकायला मिळतं. फरक एवढाच, की वेलीचं जनुक बिघडलेलं नसतं, पुढच्या हंगामात ती पुन्हा घड धरते. हे मी त्याला सांगितलं. आजार वेगाने वाढणारा आहे, हेही सांगितलं. ते लपवण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी ऑन्कॉलॉजिस्टचा फोन आला. नेहमीच्या केमोला या गाठी फारशा दाद देत नाहीत, काहींत इम्युनोथेरपीचा उपयोग होतो, म्हणून त्यांना पीडी-एल१ हवं होतं, म्हणजे ती लागू पडेल का याचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाची चाचणी. ती चाचणी वाचायला किमान १०० जिवंत कॅन्सर पेशी लागतात. इतके मार्कर कापून झाल्यावर ब्लॉकमध्ये थोडंसंच उरलं होतं. टेक्निशियनला म्हटलं, आता ट्रिमिंग, म्हणजे ब्लॉकचा वरचा थर कापून टाकणं, अजिबात करू नका, पहिलाच सेक्शन घ्या. पेशी पुरल्या.