काकांची तिजोरी आणि घराचा दहावा भाग

निपाणीला काकांच्या तंबाखूच्या वखारीत मागच्या खोलीत एक तिजोरी आहे, चावीची नाही, डायल फिरवून तीन नंबर लावायची. काका गेले आणि नंबर त्यांच्याबरोबर गेला. आत जमिनीचे कागद आणि काकीचे दागिने. चुलतभाऊ म्हणाला गॅस कटर मार आणि मोकळा हो. मी म्हटलं दादा, त्या धगीत कागद राहतील का, मला चार रविवार दे.

मी बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूमला (साचे-हत्यारं बनवायच्या विभागात) आहे, दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर नाहीतर डायल गेज, सगळी बारीक मापाची साधनं. त्यामुळे तिजोरी ‘कानानं’ उघडतात ही गोष्ट मला कधीच पटली नव्हती. ऐकण्यासारखं तिथं फार काही नसतंच, सगळा खेळ मोजण्याचा आहे.

आत काय असतं ते सांगतो. डायलच्या दांड्यावर एक कॅम, म्हणजे डायलबरोबरच फिरणारी चकती, त्याला एक खाच. त्याच्या पुढं तीन चकत्या, प्रत्येकीला एकेक खाच. वरून एक लिव्हर, त्याचं नाक कॅमच्या खाचेत उतरतं आणि त्याची आडवी पट्टी चकत्यांवर टेकते. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की पट्टी खाली पडते, नाक कॅममध्ये अडकतं आणि डायल फिरवली की बोल्ट मागं ओढला जातो. आता खरी गंमत इथं आहे, तीन चकत्या कधीच तंतोतंत एका मापाच्या नसतात, त्यामुळे पट्टी टेकते ती त्यातल्या सगळ्यात मोठ्या चकतीवर. तिची खाच पट्टीखाली आली की पट्टी केसभर खाली येते, तेवढंच नाक कॅमच्या खाचेत जास्त खोल जातं, आणि नाक खाचेच्या डाव्या कडेला टेकल्याचा डायलवरचा आकडा आणि उजव्या कडेला टेकल्याचा आकडा जरासे जवळ येतात. जरासे म्हणजे किती, तर कधी कधी डायलच्या एका घराचा (दोन रेघांमधल्या जागेचा) आठवा-दहावा भागच. एवढं नुसत्या डोळ्यानं वाचताना आपण आपल्याला पाहिजे तेच वाचतो, हे मी पहिल्या रविवारी शिकलो, एकाच जागेचं वाचन तीनदा घेतलं तर तीन वेगळे आकडे आले.

आधी लेझर पॉइंटर डायलला चिकटवून बघितला. तीन मीटरवरच्या भिंतीवर डायलचं एक घर जवळजवळ १८८ मिलिमीटर होतं, वाचायला मस्त, पण पॉइंटरच्या वजनानं डायल आपोआप खाली झुकायची आणि हाताला लागणारी ती बारीक अडखळच हरवायची. मोजायचं साधनच मोजमाप बिघडवत असेल तर ते माझ्या कामाचं नाही.

मग आपलं रोजचंच आठवलं, व्हर्नियर. पिएर व्हर्निये नावाच्या फ्रेंच माणसानं १६३१ मध्ये ही युक्ती छापली आणि आमची सगळी उद्यमबाग अजून त्यावर पोट भरते. डायलवर १०० घरं म्हणजे एक घर ३.६ अंश, ९ घरांचे ३२.४ अंश, त्याचे १० सारखे भाग, प्रत्येकी ३.२४, मग पट्टीची जितकवी रेघ डायलच्या रेघेशी जुळते तितके घराचे दहावे भाग. मित्राच्या लेझर मार्किंगवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर तेवढ्या रेघा मारून घेतल्या, मागं लोहचुंबक लावून दारावर डायलच्या कडेला बसवली. पट्टी आणि डायल अगदी समतल पाहिजेत, नाहीतर मान हलली की आकडा हलतो. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, कागदाचे कपटे घालून घालून उंची जमवली.

मग वही. तिन्ही चकत्या दर अडीच घरांवर थांबवून डावा-उजवा आकडा लिहायचा, म्हणजे एका फेरीत ४० थांबे आणि ८० आकडे, कारण असल्या साध्या लॉकला नंबर सव्वा घर इकडंतिकडं झाला तरी चालतो. काकी चहा घेऊन यायची, "काय करालायस रे सकाळपासून, एवढं काय लिहालायस?" मी म्हणायचो काकी, थांब की जरा, आकडा विसरतोय.

बहुतेक ठिकाणी डाव्या-उजव्यातलं अंतर ८.५ घरं. ६७.५ वर आलं ८.२. पुन्हा घेतलं, ८.२. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा माझा हात थरथरत होता, तरी ८.२. तिथून एकेक चकती वेगळी फिरवून बघितल्यावर कळलं की ती तिसऱ्या चकतीची खाच. पुढचे दोन रविवार दुसऱ्या नंबरात गेले, मधे एकदा रेघ चुकीची वाचून अख्खी फेरी वाया गेली. पहिला मग नुसता प्रयत्न करून सापडला.

हे सगळ्या तिजोऱ्यांना लागू होतं असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या यूएल या वस्तूंची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या मानकात ग्रुप वन म्हणून वरचा दर्जा आहे, तिथं जाणकार माणसानं २० तास झटूनही लॉक उघडता कामा नये अशी अट आहे. आमची तसली नव्हती.

चौथ्या रविवारी दुपारी डायल फिरता फिरता एका जागी घट्ट थांबली, हँडल खाली गेलं. काकी दारातच उभी होती, आत आली आणि आधी दागिने नाही, कागदांचा गठ्ठा बाहेर काढून मांडीवर घेतला.

नंबर बदलायला लॉक मागून उघडलंच होतं, म्हणून तिच्या परवानगीनं तिन्ही चकत्या बेळगावला आणल्या आणि मायक्रोमीटर लावला. तिसरी चकती दुसरीपेक्षा ०.१८ मिलिमीटर मोठी. आमच्याकडं असला पार्ट मी लाल शाई लावून बाजूला टाकला असता. चकत्या पुसून, तेलाचं बोट न लावता, पुढच्या रविवारी परत बसवल्या. नव्या नंबरांतला पहिला काकीनं स्वतः ठरवला, मला बाहेर पाठवून.